वावरात लांबडं दिसलं तर: अजगर, धामण, मांडूळ ओळखायला नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात आखाड्यावर राहायला लागलं की वर्ष-दोन वर्षांत एखादं दांडगं जनावर आडवं जातंच. ऊस तुटत येतो आणि राहिलेल्या शेवटच्या पट्ट्यात अजगर सापडतो. कडब्याची गंजी उकलताना खालून सात फुटांची धामण सुटते. हाक गावापर्यंत पोचते, दहा माणसं काठ्या घेऊन धावतात आणि मरतो तो बहुधा बिनविषारी साप. तो मोठा असतो, लांबूनच नजरेत भरतो, आणि अजगर असेल तर त्याला पळताही येत नाही.

शहर सोडून शेतावर आलेली कुटुंबं, गावात नव्यानं रुजू झालेले शिक्षक-ग्रामसेवक, पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर शेती बघणारी पोरं, यांच्यासाठी हे लिहितोय. साप पकडायचा कसा, हे यात नाही. लांबून काय बघायचं, मग काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच आहे.

पहिलं काम: आकाराची भीती बाजूला ठेवा

आपल्याकडे सापाचा आकार आणि विष यांचा हिशोब जवळजवळ उलटा आहे. माणसं दगावतात ती प्रामुख्यानं चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग साधारण चार-पाच फुटांचा, मण्यार तीन-चार फुटांची, घोणस तीन-चार फुटांची आणि फुरसं तर दीड फुटाच्या आतबाहेर. याउलट आपल्या भागातले सर्वात लांब साप दोन, अजगर आणि धामण. दोघांनाही विष नाही. नागराज म्हणजे किंग कोब्रा मराठवाड्यात आढळत नाही, त्यामुळे आठ-दहा फुटांचा साप बघून कुणी तसं ओरडलं तर मनावर घेऊ नका.

म्हणून आठ फुटांचा साप दिसला की घाबरून धावायचं आणि दोन फुटांचा दिसला की चप्पल उचलायची, ही सवय घातक आहे. धोका बऱ्याचदा त्या दोन फुटांच्या सापातच असतो. पुढे घोणशीबद्दल सविस्तर लिहिलंय, तो भाग घाईत वाचू नका.

या घराण्यात कोण कोण येतं

अजगर आणि बोआ ही मोठ्या बिनविषारी सापांची दोन जुनी घराणी. अजगर आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात सापडतात आणि अंडी घालतात. बोआ घराण्यातले बहुतेक साप पिल्लांना थेट जन्म देतात. दक्षिण अमेरिकेतला हिरवा अॅनाकोंडा, जगातला सर्वात वजनदार साप, हा बोआच. टीव्हीवर बघून आपल्याकडच्या अजगराला पोरं अॅनाकोंडा म्हणतात, पण अॅनाकोंडा भारतात नाही.

बोआचे आपल्याकडचे सोयरे मात्र अंगणातच असतात, आणि ते मोठे नाहीत. मांडूळ आणि डुरक्या घोणस (ही फक्त नावाची घोणस, विषारी नाही) हे दोघे मातीत राहणारे, दोन-तीन फुटांचे बोआ आहेत. धामण या दोन्ही घराण्यांतली नाही. ती वेगळ्या, फार मोठ्या कुळातली. शेतात तिची गाठ सर्वात जास्त पडते म्हणून तिला इथे घेतलंय.

आपला अजगर म्हणजे भारतीय अजगर. पूर्ण वाढलेला सहसा आठ ते बारा फुटांचा भरतो, क्वचित त्याहून बराच मोठा. जगातला सर्वात लांब साप म्हणजे जाळीदार अजगर, तो आग्नेय आशियातला. माणसाला गिळल्याच्या ज्या खऱ्या बातम्या २०१७ आणि २०१८ मध्ये आल्या, त्या इंडोनेशियातल्या त्या जाळीदार अजगराच्या होत्या. व्हॉट्सअॅपवर तेच व्हिडिओ ‘नांदेडजवळची घटना’ म्हणून फिरतात. पुढे पाठवू नका.

दुसरं काम: थांबा आणि अंतर राखा

साप दिसला की जागच्या जागी थांबा. सापाची जेवढी लांबी वाटते, त्याहून जास्त अंतर आपल्यामध्ये आणि त्याच्यामध्ये ठेवा. सापाला सगळं अंग एकदम फेकता येत नाही. तो अंगाच्या पुढच्या भागानंच झेप घेतो, म्हणून हे अंतर पुरतं. मागे सरकताना पायाखाली बघत सरका. पावसाळ्यात बांधावरून उलटं पळताना दुसऱ्याच सापावर पाय पडू शकतो.

कुत्रं बांधा. शेळ्या लांब हाकला. पोरांना हाक मारून बोलवा, पण त्यांना बघायला बोलावू नका. एकानं सापावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी मागे राहायचं. गर्दी जमली की अजगरसुद्धा बिथरतो, आणि साप साप म्हणत भुई धोपटण्यात निम्मे लोक एकमेकांनाच काठ्या मारतात.

तिसरं काम: लांबूनच ओळख पटवा

मोबाइलचा झूम वापरा. जवळ जायची गरज नाही.

*अजगर.* अंग जाड, जड, गुळगुळीत आणि उन्हात तेलकट चमकणारं. पिवळसर-राखाडी रंगावर मोठमोठे गडद तपकिरी ठिपके, आकारानं ओबडधोबड, एकसारखे दोन सापडायचे नाहीत. डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण, डोकं किंचित गुलाबी झाक असलेलं. डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघ. फोटो चांगला आला तर वरच्या ओठाच्या पुढच्या खवल्यांवर खळगे दिसतात. या खळग्यांनी अजगराला उष्णता कळते. अंधारात बसलेला उंदीर किंवा घूस त्याला तिच्या अंगाच्या उबेनं सापडते.

चालणंही वेगळं. निवांत असलेला अजगर नागमोडी न जाता पोटाच्या खवल्यांवर जोर देत सरळ रेषेत सरकतो. नदीकाठचे खडक, ओढ्यांची लवणं, पुलाखालचे नळे, साळिंदराची जुनी बिळं या त्याच्या जागा. किनवटकडचं जंगल आणि गौताळ्याचे डोंगर हा तर त्याला मानवणारा मुलूखच. थंडीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडतो, म्हणून हिवाळ्यात जास्त दिसतो.

अजगराच्या शेपटीच्या मुळाशी, विष्ठाद्वाराच्या दोन बाजूंना, दोन छोट्या नख्या असतात. कधीकाळी पाय होते त्यांचे हे अवशेष. नराच्या नख्या मोठ्या असतात. बहुतेक सापांचं एकच फुप्फुस कामाचं असतं, अजगराची दोन्ही चालतात. जुन्या घराण्याच्या या खुणा मला फार आवडतात, पण त्या बघण्यासाठी जिवंत सापाला उलटं करायचं नसतं. सर्पालयात माहितगाराला विचारा, तो दाखवेल.

*धामण.* लांब, सडपातळ, चपळ आणि दिवसा फिरणारी. रंग पिवळसर, तपकिरी, कधी जवळजवळ काळा. अंगाच्या मागच्या अर्ध्या भागात काळ्या आडव्या रेघांची जाळी. डोळा मोठा, बाहुली गोल, आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा. ही ओठांची खूण पक्की लक्षात ठेवा, कारण घाईत धामणीला नाग समजून मारतात. कोंडीत सापडली तर ती मान फुगवते, जाडसर गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि तोंडही टाकते. पण नागासारखा फणा तिला नसतो.

धामण गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत काटा असतो, हे दोन्ही खोटं आहे. सापाला दूध ओढून पिता येईल अशी त्याच्या तोंडाची रचनाच नाही. आणि दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसतात, त्याला गावात जोडी लागली म्हणतात, कुणी बरकतीसाठी वर कापडही टाकतं. धामणींमध्ये ती बहुतेक वेळा दोन नरांची झुंज असते. बघा, पण कापड घेऊन जवळ जाऊ नका.

*मांडूळ.* तपकिरी-लालसर, एकसारख्या जाडीचं, शेपटीचं टोक बोथट. त्यामुळे दोन तोंडांचं वाटतं. कमालीचा शांत साप. त्याची शांतताच त्याच्या मुळावर आली. गुप्तधन मिळतं, पैशांचा पाऊस पडतो, अमुक किलोच्या मांडुळाला कोटी रुपये मिळतात, असं सांगून टोळ्या फिरतात. यात मांडूळही मरतं आणि विकत घेणाऱ्याचं घरही बसतं. तुमच्या शेतात मांडूळ निघालं तर गावभर बोलू नका. त्याला त्याच्या मातीत राहू द्या.

इथे सर्वात जास्त माणसं चुकतात: अजगराचं पिल्लू की घोणस?

भारतीय अजगराची मादी साधारण मार्च ते जूनच्या दरम्यान अंडी घालते. मग त्यांच्याभोवती वेटोळं घालून दोन महिने बसते, त्या काळात बहुधा काही खात नाही, आणि गरज पडली तर स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. सापांमध्ये हे फार दुर्मीळ आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात, दीड-दोन फुटांची. साधारण याच काळात घोणशीचीही पिल्लं बाहेर पडतात. डुरक्याही तेवढ्याच आकाराचा. तिघेही जाड, तिघांच्याही अंगावर तपकिरी ठिपके. ‘अरे, अजगराचं पिल्लू आहे’ म्हणत कुणीतरी उचलतं आणि ती घोणस निघते. असे दंश जिवावर बेततात.

फरक असे. घोणशीच्या (काही गावांत हिला परड म्हणतात) पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, लांबट गोल, काळ्या-पांढऱ्या कडांच्या, साखळीगत शिस्तीत. अजगराचे ठिपके नकाशावरच्या तालुक्यांसारखे वेडेवाकडे. घोणशीची कातडी खरखरीत, प्रत्येक खवल्याला मधोमध कणा, अजगराची गुळगुळीत. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मानेपासून ठळक वेगळं, बारीक खवल्यांचं. डुरक्याचं डोकं मान एकच, डोळे बारीक, ठिपके एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड आणि खरखरीत.

घोणस प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबणारा फुत्कार टाकते. अजगरही फुत्कारतो, म्हणून निव्वळ आवाजावर भरवसा नको. ‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ आणि ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’ हे दोन नियमही सोडून द्या. अजगराची बाहुली उभीच असते आणि डोकंही मानेहून वेगळं दिसतं.

हे सगळे फरक वाचून पाठ झाले तरी संध्याकाळच्या उजेडात, गवतात अर्धा दिसणारा साप नव्या माणसाला नक्की ओळखता येत नाही. म्हणून एकच नियम धरा: चार फुटांपेक्षा लहान, जाड आणि ठिपक्यांचा साप दिसला की तो घोणसच समजायचा. नंतर अजगराचं पिल्लू निघालं तर तुमचं काही बिघडत नाही.

चौथं काम: फोन, आणि फोनवर काय सांगायचं

वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आणि तिथल्या वनरक्षकाचा नंबर आजच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. ऐन वेळी नंबर शोधण्यात अर्धा तास जातो. सर्पमित्राला बोलवायचं तर वन विभागाला माहीत असलेल्याच माणसाला बोलवा. गळ्यात साप घालून रील काढणारा सर्पमित्र नव्हे.

फोनवर गाव, शिवार, गट नंबर किंवा सगळ्यांना ठाऊक असलेली खूण, सापाची अंदाजे लांबी, तो आता नेमका कुठे आहे आणि हलतोय की पडून आहे, हे सांगा. फोटो पाठवा.

पण प्रत्येक वेळी फोन करायची गरज नसते, हेही सांगायला हवं. धामण बांधावरून जात असेल तर जाऊ द्या. ती तुमच्या सोयाबीनच्या गंजीतले उंदीर खायलाच आलेली असते. शेतातला अजगर ओढ्याकडे सरकत असेल तर लांबून लक्ष ठेवा. घर, गोठा, शाळा, विहीर, तारेचं किंवा नायलॉनचं जाळं, अशा ठिकाणी अडकला असेल तरच माणूस बोलवा. ओळखीच्या शिवारातून उचलून लांब नेऊन सोडलेल्या सापाला बीळ, पाणी, शिकार सगळं नव्यानं शोधावं लागतं.

पोट फुगलेला अजगर दिसला तर विशेष जपा. अजगर शिकारीला विळखा घालतो तेव्हा त्या दाबानं शिकारीचा रक्तप्रवाह थांबतो. हाडं मोडून मारतो हा समज चुकीचा आहे. मग तो ती अख्खी गिळतो, आणि पचवायला त्याचं सगळं शरीर कामाला लागतं. आपल्या अजगराचा जवळचा नातलग असलेल्या ब्रह्मदेशी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांनी मोजलंय. अशा अवस्थेत हुसकावलं की तो गिळलेलं ओकून टाकतो आणि जड अंगानं पळायला बघतो. लोकांना वाटतं, आत आपलं करडू आहे, पोट फाडून काढू. करडू तोवर मेलेलं असतं. त्यापायी आणखी एक जीव घेतला जातो, याचं मला दरवेळी फार वाईट वाटतं.

विहिरीत पडलेल्या सापासाठी घाई करू नका. साप पोहतात. दोराला बांधून एखादी जाड, फांद्या असलेली डहाळी तिरपी सोडा आणि सगळे बाजूला व्हा. धामण रात्रीत निघून जाते. अजगर दमलेला असेल तर वन विभागाची माणसं काढतील. कमरेला दोर बांधून स्वतः उतरण्याचं धाडस कुणी करायचं नाही.

चावलाच तर

अजगराला आणि धामणीला विषदंत नाहीत, पण दात आहेत. अजगराचे मागे वळलेले अनेक धारदार दात असतात. तो चावला की रक्त बरंच येतं, कधी दात जखमेत मोडून राहतो. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

चावलेला साप बिनविषारीच होता, असं मात्र तुम्ही घरी ठरवायचं नाही. दाताच्या खुणांवरून निदान होत नाही. मण्यारीच्या चाव्याची खूण तर कित्येकदा दिसतही नाही. हात-पाय हलू न देता, अंगठी-कडं काढून, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठा. आवळपट्टी, ब्लेड, तोंडानं रक्त ओढणं, देवळात नेऊन बसवणं, यातलं काहीही नको. घोणशीची शंका असेल तर डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून ते गोठतं का ते बघतात. साध्या ग्रामीण रुग्णालयातही ही तपासणी होते. साप मारून सोबत नेऊ नका. लांबून काढलेला फोटो असेल तर तेवढा दाखवा.

कायदा थोडक्यात

भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारणं, पाळणं, विकणं, कातडी बाळगणं या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची कैद आहे. मांडूळ आणि धामण यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

आखाड्यावरची मांडणी

सरपण, पऱ्हाट्या, तुराट्या घराच्या भिंतीला लावून रचू नका, दहा-पंधरा पावलं लांब ठेवा. धान्य सांडलं की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे सगळेच साप येतात. ओढ्याकाठी शेळ्या असतील तर करडं रात्री पक्क्या बंद खोपटात ठेवा. कोंबड्यांच्या खुराड्याला अर्धा इंची लोखंडी जाळी लावा. नायलॉनच्या जाळ्यात धामणी अडकून कापल्या जातात. रात्री विजेरीशिवाय पाणी द्यायला जाऊ नका आणि झोपायचं झालं तर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

आणखी शिकायची ओढ असेल तर

सुरुवात कातेपासून करा. बांधावर, बाभळीच्या मुळाशी, दगडांच्या पवळीत सापांची कात सापडते. आजूबाजूला साप नाही हे काठीनं चाचपून खात्री करा, मग कात उचला. कोमट पाण्यात भिजवली की ती उलगडते. अंगाच्या मधल्या भागात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या ओळीत खवले मोजा. पोटाचे रुंद खवले सोडून. धामणीचे सोळा-सतरा भरतात, घोणशीचे तीसच्या आसपास, अजगराचे साठ-सत्तर. पोटाचे खवलेही बघा. घोणशीचे पोटभर रुंद असतात, अजगराचे अंगाच्या मानानं अरुंद, मांडुळाचे तर फारच अरुंद. सापाला हातही न लावता होणारा हा अभ्यास आहे, आणि शाळेतल्या पोरांना तो फार आवडतो.

कात वर्तमानपत्रात दाबून वाळवा, शेजारी तारीख, शिवार आणि जागा लिहा. पुण्याला जाणं झालं तर कात्रजच्या सर्पोद्यानात अजगर आणि घोणस एकाच दिवशी पाठोपाठ बघा, आणि दोघांच्या पाठीवरच्या ठिपक्यांचं चित्र वहीत हातानं काढा.